वाळीत टाकलंय? तक्रार अशी लिहा

‘गावकीनं वाळीत टाकलं’ एवढंच लिहिलेली तक्रार टिकत नाही. बैठक कधी, कुठल्या देवळात झाली, दंड किती मागितला, किराणा कुणी नाकारला, मयताला खांदा द्यायला कुणी अडवलं, हे नावानिशी, तारखेनिशी मांडा. दंडाची पावती कुणी देत नसतं. म्हणून व्हॉट्सॲपवरचे निरोप जपून ठेवा.

महाराष्ट्राचा सामाजिक बहिष्कारविरोधी कायदा ३ जुलै २०१७ पासून लागू आहे. शिक्षा ३ वर्षांपर्यंत कैद, १ लाखापर्यंत दंड किंवा दोन्ही. गुन्हा दखलपात्र आहे, म्हणजे पोलिसांना थेट गुन्हा नोंदवून तपास करता येतो, त्यामुळे पोलीस ठाण्यात नुसती ‘एनसी’ (अदखलपात्र नोंद) घेऊन बोळवण केली तर ऐकू नका. थेट न्यायदंडाधिकाऱ्यांकडेही जाता येतं. पण गुन्हा जामीनपात्र आहे, कायद्याची खरी कच्ची बाजू हीच. आरोपी लगेच गावात परततात, साक्षीदार फिरतात. जबाब लवकर नोंदवून घ्या.