रिसोडची हळद विदेशात विकायची, तर पाकिटाची मागची बाजू वाचा

निर्यातीची कागदपत्रं करणं हे या धंद्यातलं सोपं काम आहे. ५०० रुपयांत घरबसल्या आयईसी, म्हणजे आयात-निर्यातीचा परवाना क्रमांक, निघतो. मसाल्यासाठी स्पायसेस बोर्डाची निर्यातदार नोंदणी, बँकेच्या एडी कोडची (परकी चलनाचा व्यवहार करणाऱ्या शाखेचा क्रमांक) कस्टमकडे नोंद आणि जीएसटीचा एलयूटी (कर न भरता निर्यात करण्याचं हमीपत्र) एवढं झालं की मुख्य कागद झाले. आयईसी मात्र दरवर्षी एप्रिल ते जून या काळात अद्ययावत करावा लागतो. विसरलात तर तो बंद पडतो, आणि हे बहुतेकांना माल निघायच्या दिवशीच कळतं.

खरी गाडी अडते ती 'घेणार कोण' या प्रश्नावर. तिथे 'हजारो विदेशी खरेदीदारांची यादी' विकणारे भेटतात. पैसे वाया घालवू नका. तीच यादी शेकडो जणांना विकलेली असते आणि त्या पत्त्यांवर रोज तीच पत्रं जाऊन पडतात. पाच-सहा नेमक्या कंपन्या स्वतः शोधलेल्या बऱ्या.

सुरुवात एचएस कोडपासून करा, म्हणजे जगभर मालाची ओळख पटवणाऱ्या आकड्यापासून. हळदीचा सहा आकडी कोड ०९१०३०. आयटीसी या जिनिव्हाच्या संस्थेच्या 'ट्रेड मॅप' संकेतस्थळावर हा कोड टाकला की कोणता देश किती हळद घेतो, कुणाकडून आणि सरासरी काय भावाने, हे दिसतं. इथे एक खोच आहे. सहा आकड्यांत हळकुंडं आणि पावडर एकत्र मोजली जातात, त्यामुळे एखाद्या देशाचा भाव चढा दिसला म्हणून हुरळून जाऊ नका. तो देश कदाचित सेंद्रिय पावडर घेत असेल. भारताच्या आठ आकडी कोडमध्ये सुकी हळद आणि पावडर वेगळी असते, तेही आकडे बघा. दुसरं असं की नेदरलँड्स आणि दुबई बराच माल पुढे विकतात. तिथला आकडा म्हणजे तिथल्या लोकांच्या जेवणातली हळद नव्हे.

आता देशातून कंपनीपर्यंत यायचं. यासाठी सगळ्यात स्वस्त युक्ती म्हणजे पाकीट. गावातलं कुणी ना कुणी लंडनला, दुबईला किंवा जर्मनीत असतंच. त्यांना सांगा, तिथल्या भारतीय किराणा दुकानात जा आणि हळदीच्या, मिरचीच्या प्रत्येक पाकिटाच्या मागच्या बाजूचा फोटो पाठवा. युरोपात आणि ब्रिटनमध्ये बाहेरून आलेल्या मालाच्या पाकिटावर तिथल्या जबाबदार कंपनीचं नाव-पत्ता छापावाच लागतो. बारीक अक्षरातली ती ओळ म्हणजे तुमचा खरा ग्राहक, कारण तो आज भारतीय माल विकतो आहे. ब्रिटनची कंपनी असेल तर 'कंपनीज हाउस'च्या संकेतस्थळावर ती कधी सुरू झाली, संचालक कोण, हिशेब वेळेवर भरते का, हे फुकट बघता येतं.

मोठ्या प्रदर्शनांत भाग घेणाऱ्यांच्या याद्याही ऑनलाइन असतात: दुबईचं गल्फूड, पॅरिसचं सियाल, कोलोनचं अनुगा. पहिल्याच वर्षी तिकीट काढून जायची गरज नाही. यादीतले आयातदार आणि वितरक तेवढे निवडा, साखळी सुपरमार्केटं सोडा. नव्या माणसाकडून एक टन घेणारा लागतो, आणि तो मध्यम आकाराचाच असतो. भारतीय दूतावासाच्या व्यापार विभागालाही लिहा, पण 'खरेदीदार सुचवा' असं मोघम नको. 'सुकी हळकुंडं, ०९१०३०, वर्षाला एवढे टन, तुमच्या शहरातले आयातदार कोण' असं विचारलं तर उत्तराची आशा असते.

आणि मग पत्र. 'माल एक नंबर आहे' हे रिसोडच्या अडत्यापुढे चालतं, कारण तो पोत्यात हात घालून बघतो. रॉटरडॅमच्या माणसापुढे पोतं नाही, त्याला आकडे लागतात: करक्युमिन (हळदीला पिवळेपणा देणारा घटक) किती टक्के, ओलावा किती, हंगाम कोणता, पहिला माल किती किलोचा, भाव कोणत्या बंदरावरचा. सहा-सात ओळी आणि सोबत प्रयोगशाळेचा अहवाल, बस. करक्युमिन कोणत्या पद्धतीने मोजलं तेही लिहा. स्पेक्ट्रोफोटोमीटर या यंत्रावर आकडा एचपीएलसी या दुसऱ्या पद्धतीपेक्षा सहसा जास्त येतो. तुम्ही एक सांगितला आणि त्याने दुसऱ्या पद्धतीने तपासला, तर तुम्ही खोटे ठरता.

अहवालात नापास होण्याची कारणं बहुधा आपल्या अंगणातच असतात. युरोपात हळदीसाठी अफ्लाटॉक्सिन (बुरशीतून तयार होणारं विष) बी-१ची मर्यादा किलोला ५ मायक्रोग्रॅम आणि एकूण अफ्लाटॉक्सिनची १० आहे. कुकरमधून काढलेली हळद मातीच्या खळ्यावर पसरली, रात्री दवात राहिली, वरून ओलसर असतानाच पोत्यात भरली, की बुरशी धरलीच. ताडपत्रीवर किंवा सिमेंटच्या ओट्यावर वाळवा. हळकुंड मोडल्यावर कट्कन आवाज आला पाहिजे. वाकलं तर अजून ओलं आहे. शिशाची मर्यादा किलोला १.५ मिलिग्रॅम. पॉलिशच्या ड्रममध्ये चकाकीसाठी पिवळा रंग टाकायची खोड काही ठिकाणी आहे, आणि त्या रंगात लेड क्रोमेट हे शिशाचं रसायन निघालं तर पुढचा सगळा व्यवहार संपला. भाड्याचा ड्रम असेल तर आधी कुणाचा माल त्यात फिरला, हे विचारून घ्या. २०२४ मध्ये हाँगकाँग आणि सिंगापूरने भारतीय मसाल्यांत इथिलीन ऑक्साइड (जंतू मारायला वापरतात तो वायू) पकडलं. त्याचीही चाचणी मागितली जाते. अमेरिकेला पाठवायचं तर एफडीए या तिथल्या अन्न-औषध यंत्रणेकडे तुमच्या युनिटची नोंदणी आणि तिथला एजंट हवाच.

नमुना २५० ते ५०० ग्रॅम पुरतो, पण तो त्याच लॉटमधला हवा जो पुढे जाणार आहे. निवडून निवडून लांब हळकुंडं पाठवली की पहिल्या पोत्यालाच भांडण लागतं. त्याच लॉटचा एक भाग सीलबंद करून तारीख टाकून स्वतःकडे ठेवा. 'वायगाव हळद' हे नाव मात्र सहज छापू नका. ते भौगोलिक मानांकन आहे. त्या पट्ट्यातला माल आणि अधिकृत वापरकर्ता म्हणून नोंद, दोन्ही नसेल तर तुमची साधी हळद म्हणूनच विका.

भाव काढताना घट विसरतात. समजा १५० रुपये किलोने १००० किलो घेतली आणि साफसफाईत ३ टक्के गेली. मग हातात ९७० किलो, म्हणजे किलोला १५४ रुपये ६४ पैसे, आणि पोतं, तपासणी, न्हावा शेवा बंदरापर्यंतचं साधारण ५०० किलोमीटरचं भाडं, कस्टम एजंट हे सगळं त्याच्या पुढे. कंटेनरच्या मालाला नियमाने एफसीए (ठरल्या जागी वाहतूकदाराच्या ताब्यात देईपर्यंतचा खर्च आपला) बरोबर असलं तरी बोलताना सगळे एफओबीच (जहाजावर चढेपर्यंतचा खर्च आपला) म्हणतात. बोला, पण कोणता खर्च कुणाचा ते लिहून घ्या. हळदीचा वायदा एनसीडीईएक्स या शेतमालाच्या वायदे बाजारात रोज हलतो, म्हणून भावाखाली 'सात दिवसांपुरता' लिहायला विसरू नका.

उत्तर आलं नाही तर आठवड्याने पुन्हा लिहा, पण 'माझं पत्र मिळालं का' असं नाही. नवीन अहवाल किंवा नव्या हंगामाची बातमी घेऊन लिहा. युरोपात ऑगस्टमध्ये बरेच लोक सुट्टीवर असतात. दुबईला शनिवार-रविवार सुट्टी, सौदीत शुक्रवार-शनिवार. आणि सगळी अंडी एका टोपलीत नकोत: बांगलादेशने संत्र्यावरचं आयात शुल्क वाढवत नेलं, तेव्हा वरूड-मोर्शीच्या संत्र्याचा भाव कसा पडला हे आपण पाहिलंच आहे.

पहिल्या मालाला ३० ते ५० टक्के आगाऊ घ्या आणि उरलेले पैसे आल्यावरच मूळ बिल ऑफ लेडिंग (जहाज कंपनीची मालाची पावती, जी दाखवून तो माल सोडवून घेतो) सोडा. उधारीवर मागत असेल तर ईसीजीसी या सरकारी निर्यात-विमा कंपनीकडून त्या खरेदीदाराची पत तपासून विमा घ्या. 'टेंडरमध्ये नाव नोंदवायला शुल्क भरा' म्हणणारा खरेदीदार नसतो. अजून एक फसवणूक फार चालते: मध्येच कुणीतरी तुमच्या ईमेलसारख्याच दिसणाऱ्या पत्त्यावरून ग्राहकाला 'आमचं बँक खातं बदललं' असं कळवतो आणि पैसे तिसरीकडेच जातात. म्हणून प्रोफॉर्मा इनव्हॉइसवरच (माल पाठवण्याआधीचं कच्चं बिल) ठळक छापा, 'आमचं खातं ईमेलने कधीच बदलणार नाही, शंका आली तर याच नंबरवर फोन करा', आणि तो नंबर ग्राहकाला आधीच एकदा लावायला सांगा.