४४ ठोके

मे, रत्नागिरी

आईने आज मला डॉक्टरांकडे नेलंच. पन्नाशीच्या बाप्याला हाताला धरून! घड्याळात सकाळी उठल्या उठल्या हृदयाचे ठोके मिनिटाला ४४ दिसतात, हे मीच बढाईने तिला दाखवलं होतं. शेजारच्या काकूंना पेसमेकर बसला तेव्हा त्यांचेही ठोके असेच कमी होते. यावर मी काय बोलणार?

ईसीजीत सायनस ब्रॅडीकार्डिया निघालं, म्हणजे ताल ठीक, फक्त गती मंद. डॉक्टरांनी आईला समजावलं की स्वस्थ बसलेल्या माणसाला मिनिटाला साधारण पाच लिटर रक्त लागतं. वर्षानुवर्षं सायकल मारणाऱ्याचं हृदय एका ठोक्यात जास्त रक्त ढकलतं. कळशी मोठी असली की विहिरीवरच्या खेपा कमी. आईला कळशी लगेच पटली.

आमच्या सायकलवाल्यांच्या ग्रुपवर मात्र या आकड्यांची चढाओढ चालते. लागोपाठ पाच वेळा टूर द फ्रान्स ही सायकल शर्यत जिंकणाऱ्या मिगेल इंदुराइनचे ठोके २८ असल्याचं सांगतात, ते तर आमचं दैवतच. मला हे आता पोरकट वाटायला लागलंय. थायरॉईड मंदावला किंवा बीपीची काही औषधं घेतली तरी ठोके उतरतात, त्याचं काय पदक मिळतं? चक्कर येत नाही ना, आरेवारेच्या चढाला ठोके वर जातात ना, हे खरं बघायचं. माझे दीडशेच्या पुढे जातात. या दिवसांत तर सपाटीवरही चढेच असतात, कारण दमट हवेत घाम वाळत नाही आणि अंग थंड ठेवायला रक्त कातडीकडे वळतं.

मग डॉक्टरांनी हळूच विचारलं, "रात्री छातीत फडफडतं का?"

लांबची राइड झाली की कधीकधी फडफडतं. आईसमोर सांगावं लागलं.

स्वीडनमध्ये वासालोपेट ही ९० किलोमीटरची स्कीइंगची शर्यत होते. तिच्या ५० हजारांहून जास्त स्पर्धकांचा अभ्यास २०१३ साली छापून आला. ज्यांनी जास्त शर्यती पुऱ्या केल्या, त्यांच्यात ठोक्यांचा ताल बिघडण्याचं प्रमाण जास्त होतं. व्यायाम सोडा असं डॉक्टर म्हणाले नाहीत. पण वर्षानुवर्षं ताण पडून हृदयाचे वरचे कप्पे मोठे होतात आणि तिथे एट्रियल फिब्रिलेशन, म्हणजे बेताल फडफड, सुरू होऊ शकतं, ते वेळीच सापडलेलं बरं, म्हणाले.

सोमवारी होल्टर, म्हणजे अंगावर वागवायचं ईसीजीचं छोटं यंत्र, लावायचंय, २४ तास. तेवढा वेळ अंघोळ नाही. मे महिन्यात, रत्नागिरीत! आईने माझं अंथरूण आत्ताच पडवीत टाकायचं ठरवलंय.