केगाव ते सांगोला: डाळिंबाच्या दोन ओळींत काय पेरावं ते बघून आलो

आमच्या मोहोळकडं डाळिंबाच्या दोन ओळींमधली जागा एकतर रोटर मारून उघडी ठेवतात नाहीतर तणनाशक मारून, तिसरं काही फार कुणी करत नाही. ती जागा हिरवी राखणारे लोक नक्की काय पेरतात ते बघायला ऑगस्टमध्ये केगाव, मंगळवेढा, सांगोला असा फेरा केला. जाणार असाल तर ऑगस्ट-सप्टेंबरातच जा, उन्हाळ्यात गेलात तर सगळीकडं मुरूमच दिसणार.

सुरुवात सोलापूरजवळच्या केगावपासून करा. राष्ट्रीय डाळिंब संशोधन केंद्र पुणे हायवेवरच आहे, सोलापूर विद्यापीठाच्याच बाजूला. कामाच्या दिवशी सकाळी आणि आधी फोन करून गेलेलं बरं, आणि जाताना रिकाम्या हातानं जाऊ नका. आपल्या बागेतल्या दोन-चार झाडांखालची, ड्रिपर पडतो तिथली ओली माती आणि त्यातलीच बारीक मुळं प्लास्टिकच्या पिशवीत बांधून सावलीत ठेवून न्या. कारण काय पेरायचं हे ठरतं ते मुळांवर गाठी आहेत का नाहीत यावर, बाकी सगळं नंतर. गाठी म्हणजे सूत्रकृमी, मुळात शिरणारे मातीतले बारीक जंत, आणि सूत्रकृमीनं मुळाला जखम केली की मर रोगाच्या बुरशीला आत शिरायला वाट मिळते, मग उभं झाड वाळतं. तेल्यातून, म्हणजे पानाफळांवर तेलकट डाग पाडणाऱ्या जिवाणूच्या रोगातून, बाग एकवेळ सावरते, मर लागलेलं झाड सहसा परत येत नाही.

आता गंमत अशी की लोक ज्या गोष्टी सहज पेरतात त्यातल्या बऱ्याच सूत्रकृमीच्या आवडीच्या. टोमॅटो, वांगी, भेंडी, काकडीवर्गातलं काहीही, हे तर बागेत नकोच. चवळी, मूग जमीन छान झाकतात, नत्र देतात, पण गाठी असलेल्या बागेत मी चवळीही पेरणार नाही. तिथं ताग आणि झेंडू. तागावर ही गाठीची सूत्रकृमी वाढत नाही आणि आफ्रिकन झेंडूच्या मुळातून जे सुटतं त्यानं ती कमी होते. पण झेंडूच्या चार रोपांनी काही होत नाही, दाट आणि सलग लावावा लागतो आणि दोन-तीन महिने जमिनीत उभा राहू द्यावा लागतो.

केगावहून मंगळवेढ्यामार्गे सांगोल्याला निघालो. मंगळवेढ्याची काळी जमीन ज्वारीची, तिथं पाणी धरून राहतं, म्हणून तिथल्या बागांना बोद, म्हणजे झाडांच्या ओळीचा मातीचा वरंबा, उंच लागतो आणि मधलं पीक ओल ओढून घेणारं असलं तरी चालतं. सांगोल्याकडं मुरमाड माळ सुरू झाला की हिशोब उलटा, पाऊस वर्षाला कसाबसा साडेपाचशे मिलिमीटर, तिथं मधलं पीक झाडाचं पाणी प्यायला नको. अजनाळ्याच्या बाजूला एका काकांच्या बागेत बघितलं, ओळींच्या मधोमध फक्त तीन फुटाचा पट्टा तागाचा, झाडाच्या घेराखाली काही नाही, नुसता पालापाचोळा. मला सगळ्यात पटलेली बाग हीच.

काका म्हणाले, "ताग कमरेच्या वर जाऊ द्यायचा नाय बघा, हवा कोंडती." बरोबरच आहे, तेल्याला दमटपणा आवडतो आणि पावसाच्या थेंबाबरोबर तो पानावरून पानावर जातो. मृग बहार, म्हणजे पावसाळ्याच्या सुरुवातीची फुलं, धरला असेल तर ऐन पावसाळ्यात फळं असतात, तेव्हा उंच पीक नकोच, हुलगा-मटकीसारखं बुटकं बरं. आंबे बहारवाल्यांना, म्हणजे जानेवारी-फेब्रुवारीची फुलं धरणाऱ्यांना, जास्त मोकळीक आहे, जूनच्या पावसावर ताग पेरायचा, फुलावर आला की पंचेचाळीस-पन्नास दिवसांत ग्रास कटरनं कापायचा आणि तिथंच अंथरायचा, नोव्हेंबर-डिसेंबरात पाणी तोडून झाडाला ताण द्यायच्या आत शेतात हिरवं काही राहत नाही.

कापून अंथरायचा म्हणतोय, गाडायचा नाही. रोटर फिरवला की डाळिंबाची वरची मुळं तुटतात आणि परत तीच जखमेची गोष्ट. मधे मोहरी-मुळा पेरायचंही काहीजण सुचवतात, मला ते डाळिंबात नको वाटतं, कारण डाळिंबाच्या मुळांवर जी मायकोरायझा नावाची उपयोगी बुरशी असते ती मोहरीवर्गाच्या मुळांवर जगत नाही, ताग-चवळीसारख्या शेंगवर्गीय पिकांवर जगते. वरून पैसे देऊन मायकोरायझा टाकायचा आणि खाली मोहरी पेरायची याला काय अर्थ.

आपोआप उगवणाऱ्या तणातलं काय ठेवायचं हेही बघून घ्या. घोळ, केना राहिला तरी वेळेवर कापला की झालं. गाजरगवत फुलायच्या आधी उपटा, हातमोजे घालून. आणि बांधावरची गुळवेल, वासनवेल काढाच, फळातला रस शोषणाऱ्या पतंगाच्या अळ्या त्याच वेलींवर वाढतात. औषधी म्हणून गुळवेल राखणारे बरेच भेटले, त्यांनी ती घराकडं लावावी, बागेच्या बांधावर नको.

रविवारी सांगोल्यात जनावरांचा बाजार असतो, गर्दी फार, बागा बघायच्या असतील तर दुसरा वार धरा. आषाढी-कार्तिकीच्या आसपास पंढरपूरकडचे रस्ते भरलेले असतात ते दिवसही टाळा. पाऊस पडून पानं ओली असताना कुणाच्या बागेत शिरू नका, कुणी बोलावलं तरी. एका बागेतून दुसरीत जाताना चपलेची माती पूर्ण धुवा, मर रोग मातीतून जातो. मी जंतू मारणाऱ्या सोडियम हायपोक्लोराइटच्या पाण्याची बाटली गाडीत ठेवली होती, प्रत्येक बागेच्या तोंडाशी बूट त्यानं धुतले आणि मालकांना ते फार आवडलं, पुढं स्वतःहून सगळं दाखवलं. येताना कुणाच्या बागेतून रोप, फांदी, माती काहीही आणू नका. तागाचं बी दुकानातून घ्या आणि मेच्या शेवटी घेऊन ठेवा, पाऊस पडल्यावर सगळेच धावतात.