तीन मैलांवरचं वैर

सिनसिनाटीत क्लिफ्टनच्या टेकडीवरून निघालं की गाडीने दहा-बारा मिनिटांत झेवियर विद्यापीठाचं आवार लागतं. अंतर जेमतेम तीन मैल, आपल्या हिशेबाने पाचेक किलोमीटर. टेकडीवर आहे युनिव्हर्सिटी ऑफ सिनसिनाटी: 1819 सालची, सरकारी, पन्नास हजारांच्या आसपास विद्यार्थ्यांची, लाल-काळ्या रंगाची. तिकडे झेवियर: 1831 साली स्थापन झालेलं, 1840 पासून जेझुइट पाद्र्यांकडे असलेलं, सहा-एक हजार विद्यार्थ्यांचं, गडद निळ्या रंगाचं. या दोघांचे बास्केटबॉल संघ हिवाळ्यात एकदा समोरासमोर येतात. त्या सामन्याला सगळं गाव 'क्रॉसटाउन शूटआउट' म्हणतं. 14 डिसेंबर 2024 चा सामना मला प्रत्यक्ष पाहायला मिळाला, आणि सामन्याइतकीच त्याच्या आजूबाजूची माणसं ऐकायला मिळाली. मला लिहायचंय ते मुख्यतः त्या माणसांबद्दल.

माझी ताई आणि भावोजी शहराच्या उत्तरेला मेसन नावाच्या उपनगरात राहतात. भाचा क्लिफ्टनला इंजिनिअरिंग शिकतो, म्हणजे घर लाल. पण माझं मूळ सावंतवाडीचं. तिकडच्या माणसाला झेवियर हे नाव ऐकून ओहायो आठवत नाही, जुनं गोवं आठवतं. फ्रान्सिस झेवियर 1542 साली गोव्यात उतरले, 1552 साली चीनच्या किनाऱ्याजवळच्या बेटावर वारले, आणि त्यांचं शव आजही बॉम जेझूच्या चर्चमध्ये आहे. दर दहा वर्षांनी ते दर्शनासाठी बाहेर काढतात. नेमकं त्याच डिसेंबरात ते दर्शन चालू होतं. तिकडे से कॅथेड्रलसमोर लोक रांगेत उभे होते आणि इकडे त्याच गोंयच्या सायबाचं नाव छातीवर मिरवणारे उंचच उंच खेळाडू परक्या मैदानात उतरणार होते. मी हे सांगितल्यावर भाचा म्हणाला, "मामा, ते सगळं ठीक आहे. पण उद्या तो निळा स्वेटर घालायचा नाही." मी ताईच्या कपाटातलं भावोजींचं काळं जाकीट घातलं.

आदल्या दिवशी दुपारी आम्ही स्कायलाइन चिली नावाच्या खानावळीत गेलो. या सामन्याचा प्रायोजकही हाच ब्रँड. 1949 साली एका ग्रीक कुटुंबाने सुरू केलेली ही साखळी शहरभर आहे, आणि इथली चिली म्हणजे दालचिनीचा वास मारणारा पातळसर खिमा. तो स्पॅगेटीवर ओततात आणि वर किसलेल्या चेडर चीजचा ढीग घालतात. याला 'थ्री-वे' म्हणायचं. कांदा आणि राजमा घातला की 'फाइव्ह-वे'. पहिल्या घासाला मी जरा थांबलो, तिसऱ्याला आवडायला लागलं. अमेरिकेत इतर ठिकाणचे लोक या पदार्थाला नावं ठेवतात. माझ्या मते चुकीची.

काउंटरवर सत्तरीच्या आसपासचे दोघे बसले होते, एक लाल टोपीचा, एक निळ्या. एकाच हायस्कूलचे मित्र. इथे दोन अनोळखी माणसं भेटली की कुठल्या कॉलेजात होतास हे नंतर, आधी कुठल्या हायस्कूलचा हे विचारतात. मी भारतातून सामना बघायला आलोय कळल्यावर दोघांनीही खुर्च्या माझ्याकडे वळवल्या आणि मला जणू पंच म्हणून बसवलं.

लाल टोपीचं म्हणणं सरळ होतं. सिनसिनाटीने 1961 आणि 1962 अशी लागोपाठ दोनदा कॉलेजांची राष्ट्रीय स्पर्धा जिंकली, दोन्ही वेळा अंतिम सामन्यात आपल्याच राज्याच्या ओहायो स्टेटला हरवून. तिसऱ्या वर्षीही अंतिम फेरी गाठली आणि जादा वेळेत अवघ्या दोन गुणांनी हरले. झेवियर तर आजवर शेवटच्या चार संघांतसुद्धा पोचलेलं नाही. निळी टोपी हे ऐकून घेत होती, कारण ते खरं आहे. मग तिने विचारलं, "ठीक. पण 1996 ला कोण जिंकलं?"

इथे लाल टोपीने चमचा खाली ठेवला. नोव्हेंबर 1996: सिनसिनाटी देशात पहिल्या क्रमांकावर, सामना त्यांच्याच घरी, आणि शेवटच्या क्षणी झेवियरच्या लेनी ब्राउनचा चेंडू जाळीत. 71-69. तीन वर्षांनी डिसेंबर 1999 मध्ये सिनसिनाटी पुन्हा पहिल्या क्रमांकावर, संघात केन्यन मार्टिनसारखा खेळाडू, आणि पुन्हा झेवियर दोन गुणांनी वर, 66-64. निळी टोपी हे आकडे पाढ्यांसारखे म्हणत होती. लाल टोपीला तेवढेच पाठ होते. "ते दोन गेले नसते तर..." एवढंच तो म्हणाला आणि क्रॅकर चिलीत बुडवू लागला.

त्या तासाभरात मला या वैराचा गाभा समजला. एकूण हिशेबात सिनसिनाटी पुढे आहे, जिवंत आठवणींत मात्र झेवियर. मोठ्याकडे ट्रॉफ्या आहेत आणि धाकट्याकडे मोठ्याला लोळवल्याच्या रात्री आहेत. त्यात 2019 ते 2023 सलग पाच वर्षं झेवियरच जिंकलेलं. लाल टोपीचा नातू झेवियरला शिकतो, त्यामुळे गेली काही वर्षं त्यांच्या नाताळच्या जेवणाला काय बोलणं होतं ते मी विचारलंच नाही, त्याने आपणहून सांगितलं.

एक गोष्ट आपल्याकडच्या वाचकांनी लक्षात घ्यावी. सिनसिनाटीत एनबीएचा, म्हणजे व्यावसायिक बास्केटबॉलचा, संघ नाही. पूर्वी होता, रॉयल्स नावाचा, तो 1972 साली कॅन्सस सिटीला गेला. बेसबॉल आहे, अमेरिकन फुटबॉल आहे, पण बास्केटबॉलची सगळी हौस पन्नासहून अधिक वर्षं या दोन कॉलेजांवरच भागते. व्यावसायिक संघ शहर सोडून जाऊ शकतो, मालक बदलू शकतो. ही दोन आवारं कुठे जाणार? हरलेल्याला सोमवारी जिंकलेल्याच्या शेजारी बसूनच काम करायचं असतं. ताईच्या ऑफिसात हरलेल्या गटाने आठवडाभर केक आणायचा नियम आहे.

सामन्याच्या दिवशी आम्ही लवकर निघालो, कारण मला ऑस्कर रॉबर्टसनचा पुतळा बघायचा होता. तो फिफ्थ थर्ड अरेनाच्या बाहेर आहे. रॉबर्टसन इथे 1957 ते 1960 खेळला. तीन हंगामांत सामन्यामागे सरासरी 33.8 गुण, आणि तिन्ही वर्षी देशात सर्वाधिक. हे करत असताना तो कृष्णवर्णीय म्हणून दक्षिणेकडच्या दौऱ्यांत त्याला संघासोबत एका हॉटेलात उतरू दिलं जात नव्हतं. पुढे तो याच शहराच्या रॉयल्सकडून खेळला आणि 1961-62 च्या हंगामात गुण, रिबाउंड (हुकलेला चेंडू पकडणं) आणि गुण मिळवून देणारे पास या तिन्हींत सामन्यामागे दहाच्या वर सरासरी ठेवली. पुतळ्यापाशी एक बाप आपल्या सात-आठ वर्षांच्या मुलीला हेच सांगत होता, अगदी हॉटेलच्या गोष्टीसकट. मला तो बाप फार आवडला. आकडे सांगणारे पुष्कळ भेटतात.

अरेना बारा हजारांचं. भाचा विद्यार्थ्यांच्या गटात गेला, भावोजी आणि मी वरच्या बाजूला. छताजवळ 1961 आणि 1962 चे झेंडे टांगलेले. कॉलेजचा सामना वीस-वीस मिनिटांच्या दोन भागांत होतो, एनबीएसारखे बारा-बारा मिनिटांचे चार तुकडे नाहीत, त्यामुळे प्रत्येक भागाला लांब श्वास असतो आणि गर्दीला तापायला वेळ मिळतो. झेवियरचा खेळाडू फ्री थ्रोला उभा राहिला की त्या टोकाचे विद्यार्थी हात, फलक, जे हाताशी येईल ते हलवत ओरडायचे. बंद छताखाली तो आवाज बाकातून पायांत चढतो. दोन्ही प्रशिक्षकांचं आडनाव तेव्हा मिलर होतं, वेस आणि शॉन, नातं काही नाही. मागच्या रांगेतला एक गृहस्थ दर निर्णयाला "मिलर, हे काय!" असं ओरडायचा, आणि कुठल्या मिलरला ते संदर्भावरून ओळखावं लागायचं.

माझ्या डाव्या हाताला साठीच्या एक बाई होत्या, निळ्या मफलरमध्ये. त्यांच्या पलीकडे त्यांचे यजमान, लाल. लग्नाआधीपासूनचं हे असंच, म्हणाल्या. हाफटाइमला मी त्यांना 2011 बद्दल विचारलं. त्या क्षणभर कोर्टाकडेच बघत राहिल्या. 10 डिसेंबर 2011 ला झेवियरच्या सिंटास सेंटरमध्ये झेवियर 76-53 असं पुढे असताना मारामारी झाली. झेवियरच्या केनी फ्रीजच्या डोळ्याखालून रक्त आलं, 9.4 सेकंद उरलेले असताना पंचांनी सामना तिथेच संपवला. दोन्ही संघांचे मिळून आठ खेळाडू निलंबित झाले. पुढची दोन वर्षं सामना 'क्रॉसटाउन क्लासिक' या सौम्य नावाने नदीकाठच्या तटस्थ मैदानात खेळवला. "मी त्या दिवशी तिथे होते," बाई म्हणाल्या. "आम्ही वर्षानुवर्षं चिडवतो एकमेकांना, पण पोरांना रक्त येईपर्यंत? त्या रात्री आम्ही दोघं घरी जाताना गाडीत एक शब्द बोललो नाही." यजमानांनी मान हलवली. तटस्थ मैदानावरचे दोन सामने मात्र दोघांनाही रुचले नव्हते. पाहुणा आणि यजमान असं काही उरलंच नाही, त्यांचं म्हणणं. सामना पुन्हा आवारांत आला तेव्हा त्यांनी पहिल्याच दिवशी तिकिटं घेतली.

मला त्यांचं पटलं. वैर जपायचं तर त्याची मर्यादा दोन्ही बाजूंनी राखावी लागते, आणि ती राखण्याचं काम खेळाडूंपेक्षा अशी जोडपी जास्त करत असावीत.

सामना सिनसिनाटीने जिंकला, 68-65. पाच वर्षांची पराभवांची माळ तुटली. शेवटचा भोंगा झाला तेव्हा भावोजी, जे एरवी ताईशीही हळू आवाजात बोलतात, दोन्ही हात वर करून उभे होते. शेजारच्या बाईंनी मफलर नीट घडी करून पर्समध्ये ठेवला आणि यजमानांना म्हणाल्या, "आता मे महिन्यापर्यंत ऐकेन." खाली विद्यार्थी एकमेकांवर पडत होते. त्यातला आमचा नेमका कोणता ते वरून ओळखू आलं नाही.

पार्किंगच्या इमारतीतून गाड्या बाहेर पडायला फार वेळ लागला, आणि खरा सामना तिथे सुरू झाला. काचा खाली, थंडी आत, आणि या गाडीतून त्या गाडीत वाद. कुठला फाउल फाउल नव्हता, कुणाला आधीच बसवायला हवं होतं, बिग 12 या कॉलेज संघांच्या गटात गेल्यावर सिनसिनाटीला हा सामना लहान वाटायला लागला आहे का. हा शेवटचा प्रश्न निळ्या शर्टातल्या एका पोराने विचारला तेव्हा आजूबाजूच्या तीन गाड्यांतून एकाच वेळी "नाही!" आलं. झेवियर 2013 पासून बिग ईस्ट या दुसऱ्या गटात, सिनसिनाटी 2023 पासून बिग 12 मध्ये. दोघांच्या वाटा वेगळ्या झाल्यात, पैशाची गणितं बदललीत, तरी हा एक सामना दोघांनीही वेळापत्रकात धरून ठेवला आहे. तो सोडायचा विचार कुणी केला तर या पार्किंगमधले लोक काय करतील, याची मला चांगली कल्पना आली.

डिसेंबरात ओहायोच्या बाजूला नातेवाईक असतील तर तारीख आधी बघून जा. यजमानपद आलटून पालटून असतं. क्लिफ्टनला असेल तर पुतळा दिवसाउजेडी बघून घ्या. झेवियरला असेल तर सिंटास सेंटर दहा हजारांचं, तिकिटं आणखी लवकर संपतात. चिली सामन्याच्या आदल्या दिवशी खावी, काउंटरवर बसून, आणि शेजारच्याला 1996 बद्दल विचारावं. जाताना कपड्यांचा रंग मात्र घरच्यांना विचारून ठरवा.