एआयचा टक्का आणि अडकलेला प्रबंध : माझा अनुभव

पीएचडीच्या शेवटच्या टप्प्यातलं बाकी सगळं सुरळीत पार पडलं. सिनॉप्सिस मंजूर झाला, प्री-सबमिशनचं सादरीकरण झालं, नो ड्यूजच्या सह्या मिळाल्या. प्रबंध अडकला तो विद्यापीठाच्या ग्रंथालयात, आणि असा अडकला की त्याची चीड अजून गेलेली नाही.

माझा विषय कांद्याच्या भावातले चढउतार आणि नाशिक जिल्ह्यातल्या निफाड-येवला भागातल्या छोट्या शेतकऱ्यांचे विक्रीचे निर्णय. उन्हाळ कांदा साठवणीच्या चाळीत किती दिवस ठेवायचा, लासलगावच्या बाजारात कधी न्यायचा, हे ठरवताना घरात काय काय बोलणं होतं ते मला समजून घ्यायचं होतं. प्रबंध इंग्रजीत लिहायचा होता आणि माझं शालेय शिक्षण मराठी माध्यमातलं. काही प्रकरणांचं इंग्रजी तपासायला मी चॅटजीपीटी वापरलं. 'आर' या आकडेवारीच्या सॉफ्टवेअरमधला कोड चालेना तेव्हा एरर कशामुळे येतेय ते विचारलं. आणि हे सगळं प्रबंधाच्या सुरुवातीला पानभर निवेदनात लिहून टाकलं : कोणत्या प्रकरणात, कशासाठी, कोणत्या काळात. गाईड सरांनी ते पान वाचून खाली सही केली. ते पान लिहिल्याचा मला आजही अभिमान आहे.

प्रबंध सादर करण्याआधी ग्रंथालय तो सॉफ्टवेअरने तपासतं आणि तसं सर्टिफिकेट देतं. सिमिलॅरिटी, म्हणजे मजकूर आधीच्या लेखनाशी किती जुळतो, हा त्यातला एक आकडा; मजकूर एआयने लिहिल्यासारखा किती वाटतो, हा दुसरा. तिथल्या खिडकीवर रिपोर्ट हातात आला.

"सिमिलॅरिटी सात टक्के आहे मॅडम, त्याचं काही नाही. पण एआय चौतीस दाखवतंय. सर्टिफिकेट नाही देता येणार."

"किती चालतं?"

"तसं कुठं लिहिलेलं नाही. पण चौतीस म्हणजे जास्तच की. आणि वापरलंय असं तुम्हीच सुरुवातीच्या पानावर लिहिलंय ना?"

प्रामाणिकपणे लिहिलेलं निवेदन माझ्याच विरुद्ध कबुलीजबाब म्हणून वापरलं जात होतं. ज्यांनी काहीच लिहिलं नव्हतं त्यांना निदान हा प्रश्न तरी विचारला गेला नसता. मी विचारलं, हा नियम कोणत्या परिपत्रकात आहे? उत्तर आलं, "वरून तोंडी सूचना आहेत." पीएचडी विभागात गेले तर ते म्हणाले, सर्टिफिकेट ग्रंथालयाचं आहे, आमचा संबंध नाही. ग्रंथालयात परत आले तर म्हणाले, पीएचडी विभागाकडून लेखी आणा. अधिछात्रवृत्ती संपलेली, तासिका तत्त्वावर शिकवत होते, प्राध्यापकपदाच्या जाहिराती येत होत्या आणि त्यात पीएचडीचं नोटिफिकेशन, म्हणजे पदवी जाहीर झाल्याचं पत्र, मागत होते. माझी पाच वर्षं त्या दोन खिडक्यांच्या मध्ये लोंबकळत होती आणि कुणालाही घाई नव्हती.

नियम नीट समजून घ्या, कारण खिडकीवर तो कुणी सांगत नाही. यूजीसीचे, म्हणजे विद्यापीठ अनुदान आयोगाचे, शैक्षणिक प्रामाणिकतेचे विनियम 2018 चे आहेत. त्यात 10 टक्क्यांपर्यंतच्या साधर्म्याला शिक्षा नाही. 10 ते 40 टक्के असेल तर सहा महिन्यांच्या आत सुधारून द्यायचं, 40 ते 60 असेल तर वर्षभर सुधारित प्रबंध देता येत नाही, आणि 60 च्या वर गेलं तर नोंदणी रद्द. संदर्भसूची, ऋणनिर्देश, श्रेय देऊन घेतलेली अवतरणं या मोजणीतून वगळतात. हे सगळं साधर्म्याबद्दल आहे. एआयच्या टक्क्याबद्दल त्यात एक अक्षर नाही.

आणि हे दोन आकडे एका मापाने मोजायचे नाहीतच. सिमिलॅरिटीच्या रिपोर्टमध्ये प्रत्येक रंगवलेल्या ओळीसमोर मूळ स्रोत दिलेला असतो, तो उघडून खरंखोटं करता येतं. एआयच्या रिपोर्टमध्ये समोर ठेवायला काहीच नसतं. वाक्यरचना किती अपेक्षित आहे यावरून बांधलेला तो अंदाज असतो. सरळ, ठरावीक इंग्रजी लिहिणाऱ्यावर त्याचा शिक्का बरेचदा चुकून बसतो. स्टॅनफर्डच्या संशोधकांनी 2023 मध्ये एआयचं लेखन ओळखणाऱ्या सात डिटेक्टरना टोफेल या इंग्रजीच्या परीक्षेचे 91 निबंध दिले होते, मातृभाषा इंग्रजी नसलेल्या विद्यार्थ्यांचे. सरासरी निम्म्याहून जास्त निबंध यंत्राने लिहिलेले ठरले. चॅटजीपीटी बनवणाऱ्या ओपनएआयने स्वतःचा डिटेक्टर जानेवारी 2023 मध्ये आणला आणि अचूकता कमी म्हणून जुलैत बंद केला.

त्या दिवसांत विद्यापीठाच्या गेटसमोरच्या टायपिंगच्या दुकानात पानामागे दर लावून 'एआय काढून' देत होते. माझ्याबरोबरची एक मुलगी तिचं प्रकरण देऊन बसली. परत आलेल्या मजकुरात तिच्या विषयातल्या संज्ञांच्या जागी भलतेच शब्द होते. कृपा करून हे करू नका. फ्रान्सचे संगणकशास्त्रज्ञ गियोम काबानाक आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी 2021 मध्ये असले शब्द छापील शोधनिबंधांतून शोधून काढले : 'ब्रेस्ट कॅन्सर'चं झालं होतं 'बुझम पेरिल', 'आर्टिफिशियल इंटेलिजन्स'चं 'काउंटरफीट कॉन्शसनेस'. स्वतः लिहिलेलं खरं काम यंत्राकडून बिघडवून घेऊन ते 'मानवी' आहे असा कागद मिळवायचा, हे मला कुठल्याही परिस्थितीत मान्य नव्हतं.

मग मी रिपोर्ट घेऊन बसले आणि रंगवलेल्या ओळी एकेक करून मूळ मसुद्याशी ताडून पाहिल्या. सर्वात जास्त रंग तिसऱ्या प्रकरणावर होता : तालुक्यांची माहिती, पर्जन्यमान, सिंचन, पीकपद्धती, गावं कशी निवडली. हे प्रकरण मी 2021 च्या सहामाही प्रगती अहवालाला जोडलेलं होतं. अहवालाच्या माझ्या प्रतीवर विद्यापीठाचा आवक शिक्का आणि तारीख होती. चॅटजीपीटी लोकांसाठी खुलं झालं 30 नोव्हेंबर 2022 ला. उलट चौथ्या प्रकरणाचा जो शेवट मी खरोखर त्याच्याकडून तपासून घेतला होता आणि निवेदनात तसं लिहिलं होतं, तो रिपोर्टमध्ये पूर्ण कोरा होता. त्या रात्री मला कितीतरी दिवसांनी शांत झोप लागली.

दुसऱ्या दिवशी लेखी अर्ज दिला. तोंडी भांडत बसू नका, अर्ज द्या आणि पोच घ्या. अर्जात दोनच गोष्टी मागितल्या : एआयच्या टक्क्यावरून सर्टिफिकेट नाकारण्याचा आदेश लेखी द्यावा, नाहीतर प्रकरण विभागीय शैक्षणिक प्रामाणिकता समितीपुढे ठेवावं. ही समिती 2018 च्या विनियमातच आहे. विभागप्रमुख अध्यक्ष, एक विभागाबाहेरचे ज्येष्ठ प्राध्यापक, एक सॉफ्टवेअरचे जाणकार. तक्रार आल्यापासून 45 दिवसांत तिने शिफारस करायची असते. पोच हातात पडल्यावर जे 'तोंडी' होतं ते आपोआप मऊ झालं.

समितीपुढे मी शिक्क्याचा अहवाल, गाईड सरांनी लाल पेनने खुणा केलेले मसुदे, गूगल डॉक्समधली व्हर्जन हिस्टरी (मजकुरातल्या बदलांची तारखेसह नोंद), चॅटजीपीटीशी झालेल्या संवादांच्या प्रती आणि क्षेत्रभेटींच्या वह्या ठेवल्या. बाहेरच्या सरांनी वही चाळली आणि विचारलं, "या शेतकऱ्याने भाव पडलेला असताना अर्धी चाळ का मोकळी केली?" मी सांगितलं, कांदा सडायला लागला होता आणि सोसायटीच्या कर्जाचा हप्ता आला होता, म्हणून हमाली-तोलाई जाऊन जे हातात येईल ते घेतलं. अशा प्रश्नोत्तरांत बराच वेळ गेला. एखाद्या विद्यार्थ्याने काम स्वतः केलंय का, हे तपासायची याहून चांगली पद्धत मला माहीत नाही. सर्टिफिकेटवर सही झाली. निवेदनाचं पान आहे तसंच प्रबंधात राहिलं.

म्हणून व्हर्जन हिस्टरी पहिल्या दिवसापासून चालू ठेवा. मसुदा एकाच डॉक्युमेंटमध्ये लिहा, दुसरीकडे लिहून एकदम पेस्ट केलंत तर इतिहासात काहीच दिसत नाही.

संदर्भ एआयकडून कधीच घेऊ नका. मला एकदा कांद्याच्या भावावरचा लेख सुचवला गेला. लेखक म्हणून दिलेले अर्थतज्ज्ञ खरोखरचे, नियतकालिक खरोखरचं, वर्ष आणि पानांसह. अंक काढून पाहिला तर त्या पानांवर दुसराच लेख होता. निर्यात धोरणाबद्दल विचारलं तर 40 टक्के निर्यातशुल्क आणि निर्यातबंदी एकाच निर्णयात कालवून सांगितलं. शुल्क ऑगस्ट 2023 चं, बंदी डिसेंबर 2023 ची. मधल्या महिन्यांत शेतकऱ्यांनी काय केलं यावर माझं अख्खं प्रकरण उभं होतं. ज्याला विषय माहीत आहे त्यालाच अशी चूक दिसते, त्यामुळे जे तुम्हाला स्वतःला माहीत नाही ते त्याच्याकडून शिकताना मूळ अधिसूचना उघडून बघा.

मुलाखती मात्र मी एकदाही चॅटजीपीटीत टाकल्या नाहीत. माणसांनी ओट्यावर बसवून, चहा पाजून मला कर्जाचे आकडे सांगितले होते, आणि संमतीपत्रावर मी लिहून दिलं होतं की हे माझ्याबाहेर जाणार नाही. शब्दांकनाला फार वेळ लागला, पण ते मी कानाला हेडफोन लावून स्वतः केलं.

व्हायवाच्या, म्हणजे शेवटच्या तोंडी परीक्षेच्या, तयारीला चॅटजीपीटीचा चांगला उपयोग झाला. सारांश देऊन म्हटलं, कडक परीक्षक होऊन प्रश्न विचार. नमुना निवडीवरचा एक प्रश्न व्हायवात जवळपास तसाच आला.

आणखी एक, राहून जायला नको : अंतिम तपासणीच्या आधी मसुदा कुठल्याही फुकटच्या डिटेक्टर साइटवर टाकू नका. गाईडच्या लॉगिनमधून तपासून घेत असाल तर रिपॉझिटरीत (सॉफ्टवेअरच्या कायमच्या साठ्यात) साठवायचं नाही हा पर्याय निवडलाय ना, ते शेजारी उभं राहून बघा. मसुदा एकदा साठवला गेला की पुढच्या तपासणीत तुमचाच प्रबंध तुमच्याच प्रबंधाशी जुळतो, आणि तो टक्का मात्र साधर्म्याचा म्हणून 2018 च्या नियमाखाली येतो.