एसीएलच्या ऑपरेशननंतर पीआरपी घेतलं : माझा अनुभव

कबड्डीत चढाई करून मागे वळताना उजवा गुडघा पिरगळला. एमआरआयमध्ये एसीएल, म्हणजे गुडघ्यातली हाडं आतून बांधून धरणारं लिगामेंट, पूर्ण तुटलेलं दिसलं. दुर्बिणीतून ऑपरेशन झालं आणि मांडीच्या मागचे हॅमस्ट्रिंगचे टेंडन (स्नायू हाडाला जोडणारे दोर) काढून त्यांचंच नवं लिगामेंट, म्हणजे ग्राफ्ट, बसवलं.

पीआरपी म्हणजे स्वतःच्याच रक्तातून काढलेल्या, प्लेटलेट्स जास्त असलेल्या प्लाझ्माचं इंजेक्शन. त्याबद्दल डॉक्टरांना मी एकच प्रश्न विचारला, "याने लवकर खेळता येईल का?" ते म्हणाले, "तसा शब्द देणार नाही. काही अभ्यासांत ग्राफ्ट लवकर पक्व झाल्यासारखं एमआरआयवर दिसतं, पण पेशंटच्या खेळण्यात ठाम फरक सिद्ध झालेला नाही. ९ महिने धरूनच चाला." या स्पष्टपणामुळेच मी हो म्हटलं.

बसवलेल्या टेंडनला सुरुवातीला रक्तपुरवठा नसतो. आतल्या पेशी मरतात, मग हळूहळू नव्या रक्तवाहिन्या शिरतात. साधारण ६ ते १२ आठवड्यांच्या काळात ग्राफ्ट सगळ्यात कमजोर असतं. नेमकं तेव्हाच दुखणं थांबलेलं असतं आणि पळावंसं वाटतं! हे प्रत्येक खेळाडूला कुणीतरी बसवून सांगायला हवं.

टाके काढल्यावर इंजेक्शन ठरलं. त्याच्या आधी आणि नंतरही आयबुप्रोफेन, डायक्लोफेनॅकसारख्या गोळ्या बंद, कारण त्या प्लेटलेट्सच्या कामात अडथळा आणतात. दुखलंच तर पॅरासिटामॉल. हातातून रक्त घेतलं, सेंट्रिफ्यूजमध्ये फिरवलं. लाल पेशी तळाशी बसल्या, वर पिवळसर प्लाझ्मा राहिला. एरवी रक्तात दर मायक्रोलिटरला दीड ते साडेचार लाख प्लेटलेट्स असतात. पीआरपीत त्या कित्येक पटींनी जास्त. त्यांतून सुटणारे ग्रोथ फॅक्टर नव्या रक्तवाहिन्या आणि पेशींच्या वाढीला चालना देतात, हा त्यामागचा विचार. रक्त स्वतःचंच असल्यामुळे ॲलर्जीची भीती फारशी नसते, तरी सुई सांध्यात जाते, म्हणून निर्जंतुक खोलीतच घ्यावं. विमा कंपनीलाही आधीच विचारून ठेवा.

इंजेक्शननंतर गुडघा चांगलाच ठणकला, जडही झाला. ठणका ओसरताच फिजिओ पुन्हा सुरू. गुडघा पूर्ण सरळ करणं, मांडीचा स्नायू आवळून धरणं, मग हळूहळू स्क्वॉट. पीआरपीने मला नेमकं किती दिलं हे वेगळं काढता येणार नाही, पण व्यायामाने काय दिलं ते मला रोज जिना चढताना कळतं.

आता दोन्ही मांड्यांची ताकद मशीनवर मोजतात. उजवी डावीच्या निदान ९० टक्के भरेपर्यंत आणि एका पायावरच्या उडीची चाचणी पार पडेपर्यंत फिजिओ मला मॅटवर सोडणार नाहीत, आणि मीही हट्ट धरलेला नाही.