गुहागरच्या गाडीचे जाम झालेले कॅलिपर बोल्ट

बाबांना कराडला डोळ्यांच्या डॉक्टरकडे नेऊन परत येत होतो, कुंभार्ली घाट उतरून चिपळूणला चहाला थांबलो तर पुढच्या डाव्या चाकाजवळ जळका वास. हात जवळ नेला तर चाकातून भट्टीसारखी धग येत होती, उजवं चाक मात्र नुसतं कोमट. येताना गाडी डावीकडे ओढत होती ते मला जाणवलं होतं पण मी रस्त्यावर खापर फोडलं होतं. तिथून गुहागरपर्यंत हळूहळू, जमेल तिथे गिअरवरच वेग कमी करत आलो आणि दुसऱ्या दिवशी संध्याकाळी चाक काढून बसलो.

ब्रेकचं आतलं पॅड, म्हणजे डिस्कला घासून चाक थांबवणारी पट्टी, जवळजवळ संपलेलं, बाहेरचं अर्ध्याहून जास्त शिल्लक, आणि आतलं पॅडसुद्धा खालच्या बाजूला जाड नि वर पातळ असं तिरकं झिजलेलं. असं दिसलं की पहिला संशय कॅलिपरच्या पिनांवर घ्यायचा. कॅलिपर म्हणजे पॅड डिस्कवर दाबणारा जबडा, तो या पिनांना बोल्टने जोडलेला असतो. आपल्याकडच्या बहुतेक छोट्या गाड्यांमध्ये पिस्टन फक्त आतल्या बाजूला असतो, तो आतलं पॅड दाबतो आणि मग अख्खा कॅलिपर दोन पिनांवर सरकून बाहेरचं पॅड ओढून घेतो. पिन अडकली की सरकणं बंद, पाय काढला तरी पॅड डिस्क सोडत नाही. आमचं घर समुद्रापासून चालत पाच मिनिटांवर, गाडी बारा महिने उघड्यावर, त्यात खालच्या पिनेचा रबरी बूट, म्हणजे पाणी-धूळ अडवणारं टोपण, फाटलेला. खारं पाणी आत गेलं की गंज चढणारच. आणि गंज मूळ लोखंडापेक्षा जास्त जागा घेतो, त्यामुळे आट्यांमधली फट भरून जाते आणि बोल्ट आतून आवळला जातो, म्हणून नुसती ताकद लावून काम होत नाही.

बाबा म्हणाले, "अरे राहू दे, उद्या मेकॅनिकला बोलावू." मी म्हटलं, "बाबा, आधी बघतो तर खरं, नाही निघाले तर बोलावूच." मनात एकच ठरवलं होतं की बोल्टचं डोकं वाचवायचं. डोकं शाबूत आहे तोवर दहा उपाय असतात, डोकं गोल झालं की ड्रिल नाहीतर वेल्डिंग, आणि ते अंगणात होणारं काम नाही.

गाडी उचलण्याबद्दल एक गोष्ट जोर देऊन सांगतो. आमच्याकडे लोक सर्रास गाडीखाली जांभ्याचे चिरे रचतात. चिरा दिसायला दणकट असतो पण एका टोकावर भार आला की त्याचा तुकडा पडू शकतो, आणि इथे तर आपण पान्याला लोंबकळून गाडी हलवणार असतो. मी जॅक स्टँड लावला, काढलेलं चाक गाडीच्या कडेखाली आडवं सरकवून ठेवलं, चिरे फक्त मागच्या चाकांना अडसर म्हणून. कृपा करून चिऱ्यांवर उचललेल्या गाडीखाली हातसुद्धा घालू नका.

पहिल्या संध्याकाळी पाना लावलाच नाही. तारेच्या ब्रशने बोल्टांची डोकी घासली, आणि ब्रॅकेटच्या (कॅलिपरच्या पिना ज्यात बसतात त्या चौकटीच्या) बोल्टांची जी टोकं पलीकडून बाहेर आली होती तीसुद्धा, कारण तो गंज तसाच ठेवला तर बोल्ट उलटा फिरताना आट्यांमध्ये ओढला जातो आणि अर्ध्यात परत जाम होतो. मग पेनिट्रेटिंग ऑइल, म्हणजे गंजात झिरपणारं पातळ तेल, मारलं, डिस्कवर उडू नये म्हणून जुनी गोणी लावून. घरात डब्ल्यूडी-40 चा डबा होता पण तो साधा स्प्रे मुळात पाणी हटवण्यासाठीचा, असल्या गंजाला खास पेनिट्रेटिंग ऑइलच बरं. मारून झाल्यावर बोल्टच्या डोक्यावर हातोडीने सरळ, बेताचे दहा-बारा ठोके, त्याने गंजाची पकड तडकते आणि तेलाला वाट मिळते. जेवणानंतर परत एकदा, झोपायच्या आधी परत.

सकाळी चिपळूणहून सहा कोनी सॉकेट आणले. घरातले सगळे बारा कोनी होते. बारा कोनी सॉकेट बोल्टच्या कोपऱ्यांवर जोर देतो, सहा कोनी सपाट बाजूंवर, आणि गंजलेल्या बोल्टला हाच फरक महत्त्वाचा आहे. वरच्या पिनेचा बोल्ट, 14 मिमीचा, एका झटक्यात सुटला. खालच्याचे कोपरे आधीच खाल्लेले, कधीतरी कोणीतरी फिक्स पान्याने ओढलेला असणार, 14 चा सॉकेट त्यावर डुलत होता. तिथे मी थांबलो. 13 चा सहा कोनी सॉकेट घेतला आणि हातोडीने ठोकून ठोकून त्याच्यावर घट्ट बसवला. असा सॉकेट नंतर बोल्टसकट निघतो आणि बोल्ट त्यातून ठोकून बाहेर काढावा लागतो, पण पकड मिळते.

आता दिशा. या बोल्टांचं डोकं इंजिनच्या बाजूला असतं आणि आपण बसतो चाकाच्या बाजूला, म्हणजे बोल्ट आपल्याला मागून दिसतो आणि सोडायची दिशा उलटी वाटते. डोक्यासमोर तोंड आहे असं समजून डावीकडे फिरवायचं. स्टिअरिंग पूर्ण एका बाजूला वळवलं की डोकी बरीचशी समोर येतात आणि हा गोंधळ कमी होतो. मी आधी आवळायच्या दिशेने अगदी किंचित जोर दिला, बारीक कट् असा आवाज आला, मग सोडायला लागलो तर बोल्ट फिरतोय असं वाटून बरं वाटलं, पण बघतो तर आतली पिनच त्याच्याबरोबर फिरतेय. पिनेला सपाट कडा असतात, तिथे पातळ फिक्स पाना धरायचा, तो बाबांनी धरला. मग सुटला.

बोल्ट निघाला तरी पिन ब्रॅकेटच्या भोकात तशीच अडकलेली, म्हणून अख्खं ब्रॅकेट काढायचं ठरवलं. कॅलिपर बाइंडिंग वायरने स्प्रिंगला टांगला, ब्रेकच्या होजवर लोंबकळत ठेवायचा नाही, होज आतून फाटतो. ब्रॅकेटचे दोन बोल्ट 17 चे आणि हे मुळातच जास्त घट्ट असतात. फूटभर दांड्यावर 30 किलोचा जोर लावला तर साधारण 90 न्यूटन मीटर होतात, एवढ्याने हे बोल्ट नवे असताना आवळले जातात, गंज धरल्यावर तेवढ्यात सुटतील कशाला? बागेतला दोन फुटी पाईप दांड्यावर चढवला तर त्याच जोरात बोल्टवरचा पीळ दुप्पट झाला. झटके न देता, पायाला आधार घेऊन, जोर वाढवत नेला आणि एकदम काडकन आवाज झाला. क्षणभर वाटलं बोल्ट तुटला, पण सुटला होता. दुसऱ्याला अजून दोनदा तेल आणि तासभर वेळ द्यावा लागला. पिन मग ब्रॅकेट पाटावर धरून पान्याने पुढेमागे फिरवत, तेल सोडत हळूहळू निघाली.

गॅस टॉर्च शेजारच्या काकांकडे होता, ते द्यायलाही तयार होते. मी नको म्हटलं. बाजूला रबरी बूट, होज, आत ब्रेक ऑइल, वर आपण रात्रभर मारलेलं पेट घेणारं तेल. शिवाय काही ब्रेक क्लीनरमध्ये क्लोरीनचं सॉल्व्हंट असतं, ते तापलं की विषारी फॉस्जीन वायू तयार होऊ शकतो. एवढं करून बोल्ट सुटला नसता तर सरळ गॅरेजला दिला असता.

भोकात काळा चिकट थर होता आणि वरच्या पिनेचा बूट फुगून मऊ पडलेला, म्हणजे मागे कोणीतरी साधं ग्रीस भरलं होतं. पेट्रोलियमच्या ग्रीसने हे रबर फुगतं, इथे सिलिकॉनचं ब्रेक ग्रीसच लागतं आणि तेही पातळ हात, कोंबून भरलं तर हवा अडकून पिन आत जात नाही. नवीन पिना, बूट आणि बोल्टांचा किट घेतला, पॅड दोन्ही बाजूंचे बदलले, उजवीकडच्या पिनासुद्धा काढून ग्रीस केल्या, आवळताना मॅन्युअलमधला आकडा बघून टॉर्क पाना, म्हणजे किती पीळ दिला ते दाखवणारा पाना, वापरला. गाडी हलवायच्या आधी पेडल कडक होईपर्यंत दाबत राहायचं, नवीन पॅड बसवताना पिस्टन मागे ढकललेला असतो, पहिल्या दाबात ब्रेक लागतच नाही.

शृंगारतळीपर्यंत जाऊन आलो. अंगणात गाडी लावल्यावर बाबांनी तळहात उलटा करून आधी डाव्या चाकाजवळ नेला, मग उजव्या. "सारखंच आहे रे," म्हणाले. दिवाळीत येईन तेव्हा परत चाकं काढून बूट बघणार आहे.